पोलीस ठाण्याच्या अलीकडे: बायकामुलींवरचा हिंसाचार आणि आपली महापालिका

नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. मग पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ८१ नगरसेवकांचं सभागृह पुन्हा भरलं. त्यातल्या निम्म्या जागा कायद्यानेच महिलांसाठी राखीव आहेत. निवडणूक आली की आपल्याकडे थेट पाईपलाईन, हद्दवाढ, घरफाळा, रस्ते यांवर रान पेटतं. बायकामुलींवरच्या हिंसाचाराचा विषय निघाला की मात्र सगळ्यांची बोटं पोलीस ठाण्याकडे वळतात. नगरसेवकाला त्याबद्दल कुणी जाब विचारत नाही आणि त्यालाही तो आपला विषय वाटत नाही.

पोलीस आणि कोर्ट यांचं काम सुरू होतं ते बहुतेक वेळा मार बसून गेल्यावर. त्याच्या अलीकडे बाई ज्या ज्या जागांवरून जाते, त्यातल्या कितीतरी महापालिकेच्या ताब्यात आहेत. दवाखाना, शाळा, के.एम.टी.ची बस, दिव्याचा खांब, मंडई, घरफाळ्याचं रजिस्टर. या साध्या वाटणाऱ्या गोष्टींतून हिंसाचार कसा अडवता येतो, ते इथे सांगतो.

## कायदा हिंसाचार कशाला म्हणतो?

हिंसाचार म्हटलं की डोळ्यांपुढे काळानिळा चेहरा येतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो चार प्रकार मानतो. मारहाण हा एक, लैंगिक जबरदस्ती दुसरा. शिव्या, अपमान, धमक्या हा तिसरा. चौथा प्रकार पैशाच्या कोंडीचा: बायकोचा पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने परस्पर विकणं, तिला घरातून हाकलणं. या चौथ्या प्रकाराला आपल्याकडे कुणी हिंसाचार म्हणतच नाही, आणि बाई मार खाऊनही त्या घरात का राहते याचं उत्तर बऱ्याचदा त्याच्यातच असतं.

घराबाहेरचा भाग वेगळा: रस्त्यावरची छेडछाड, पाठलाग, कामाच्या जागी होणारा त्रास. मुलींच्या बाबतीत यात बालविवाह आणि लैंगिक अत्याचार येतात, आणि जन्माआधीच तिला नाकारणंही येतं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. तो आकडा पाहून जिल्हा हादरला होता.

आता घरातल्या हिंसाचाराचा आवाका पाहा. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे चौघींत एक. त्याच सर्वेक्षणात देशपातळीवर दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी मदत मागणं दूरच, कुणाला सांगितलंही नव्हतं.

हा ७७ चा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोलिसांची संख्या दुप्पट केली, प्रत्येक चौकात निर्भया पथकाची गाडी उभी केली, तरी ज्या बाईने सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही तिच्यापर्यंत ती गाडी पोहोचणार नाही. तिच्यापर्यंत पोहोचायचं तर ती जिथे आपल्या रोजच्या कामासाठी जातेच, तिथेच कुणीतरी तिची वाट पाहत असायला हवं.

## ३९ फूट आणि ४३ फूट

पावसाळ्यात आपण सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. ३९ ला महापालिका नदीकाठच्या वस्त्यांतून भोंगा फिरवते, लोक सामान वर चढवतात, जनावरं हलवतात. घरात पाणी शिरेपर्यंत कुणी थांबत नाही, कारण शिरल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं.

घरातल्या हिंसाचारालाही अशी इशारा पातळी असते आणि ती ओळखता येते. जगभर या विषयात काम करणारे लोक काही ठरावीक प्रश्न विचारतात. मारहाण हल्ली वाढली आहे का? त्याने कधी गळा दाबला आहे का? जिवे मारायची धमकी देतो का? हत्यार दाखवलं का? ती गरोदर आहे का? ती घर सोडायच्या तयारीत आहे किंवा नुकतीच माहेरी आली आहे का? यातला गळा दाबण्याचा प्रश्न फार गंभीर आहे. गळा दाबल्याच्या खुणा कधी कधी दिसतही नाहीत, पण एकदा गळ्याला हात घातलेल्या नवऱ्याकडून पुढे जीव जाण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. आणि घर सोडण्याचा काळ हाच सगळ्यात धोक्याचा असतो. ‘एवढा त्रास आहे तर निघून का येत नाहीस’ असं म्हणणाऱ्यांना हे माहीत असायला हवं.

ही पातळी वाचणारं माणूस नेमायचं काम महापालिकेला करता येतं.

## दवाखान्यातली दहा मिनिटं

महापालिकेची सावित्रीबाई फुले रुग्णालय, पंचगंगा रुग्णालय आणि वस्तीवस्तीतली नागरी आरोग्य केंद्रं आहेत. बाळंतपण, बाळाचा डोस, ताप, खोकला या निमित्ताने बाई तिथे येतेच. पोलीस ठाण्याची पायरी चढायला तिला दहा वेळा विचार करावा लागतो, दवाखान्यात जायला सासूही अडवत नाही.

अशा एखाद्या ओपीडीत काय घडतं ते जवळून बघू. केसपेपरच्या रांगेतून एक बाई आत येते. उजव्या हाताच्या कोपराखाली सूज आहे. विचारलं तर म्हणते, ‘मोरीत पाय घसरला बगा.’ सोबत सासू किंवा जाऊ असते, तीच पुढचं बोलते. डॉक्टरच्या दारात चाळीस पेशंट उभे. मलम, गोळ्या, पुढचा नंबर. आता नीट पाहा: मोरीत घसरून पडलेला माणूस तळहातावर, ढोपरावर, कंबरेवर पडतो. कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागावर, बाहेरच्या बाजूने आडवा वळ उठतो तो बऱ्याचदा डोक्यावर येणारा मार हाताने अडवला म्हणून. शिकवलेल्या नर्सला हे दिसतं. तिने एवढंच करायचं: ‘ड्रेसिंग करायचंय, सोबतच्यांनी बाहेर थांबा’ म्हणत बाईला एकटीला आत घ्यायचं, पडदा ओढायचा आणि विचारायचं, ‘घरी कुणी हात उचलतं का, ताई?’

पहिल्या खेपेला ती नाहीच म्हणेल. हरकत नाही. हा प्रश्न विचारणारं कुणीतरी इथे आहे हे तिला समजलं. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला ती बोलते.

यात एक बारीक पण जिवाशी खेळणारी गोष्ट आहे. आपल्याकडे केसपेपर पेशंटच्या हातात घरी जातो. त्यावर ‘नवऱ्याने मारहाण’ असं लिहिलं आणि तो नवऱ्याच्या हाती पडला, तर उपचाराच्या कागदामुळेच ती आणखी मार खाईल. म्हणून जखमेची जागा, आकार, रंग आणि ती काय म्हणाली याची नोंद दवाखान्याच्या वेगळ्या रजिस्टरमध्ये, कुलपात ठेवायची. वर्षभराने ती कोर्टात गेली तर हीच नोंद तिचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरते.

हे स्वप्नरंजन नाही. मुंबई महापालिकेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००-०१ मध्ये ‘सेहत’ या संस्थेसोबत ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. रुग्णालयातच एक खोली, तिथे समुपदेशक, आणि नर्स, डॉक्टर, आयाबाईंपर्यंत सगळ्यांना प्रशिक्षण. देशात सरकारी रुग्णालयात असं केंद्र उभं राहण्याची ती पहिलीच वेळ. पुढे मुंबईच्या इतर पालिका रुग्णालयांतही ते पसरलं. तिथल्या अनुभवातून दिसलं की बाईला सगळ्यात जड जातं ते वेगळ्या ‘महिला केंद्रा’त जाणं. रुग्णालयात आल्यावर पाच पावलांवरच्या खोलीत जायला तिला कारण द्यावं लागत नाही.

कायदाही पाठीशी आहे. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या पेशंटवर ताबडतोब मोफत उपचार करणं सरकारी, खासगी आणि स्थानिक संस्थांच्या अशा सगळ्याच रुग्णालयांवर बंधनकारक आहे. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असं म्हणता येत नाही.

## माहिती मिळाली, पुढे काय?

इथे दोन शब्द समजून घेऊ. संरक्षण अधिकारी म्हणजे २००५ च्या कायद्याखाली शासनाने नेमलेला अधिकारी. बाईची कैफियत ठरलेल्या नमुन्यात लिहून तो कोर्टापुढे ठेवतो. त्या कागदाला कौटुंबिक घटना अहवाल म्हणतात. मग कोर्ट नवऱ्याला मारहाण करू नको, तिला घराबाहेर काढू नको, खर्चाला एवढे पैसे दे, असे आदेश देऊ शकतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे वकिलांना विचारा. नवऱ्याने आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

संरक्षण अधिकारी महापालिकेचे नोकर नाहीत, पोलीसही नाहीत. मग महापालिकेने काय करावं? तिने सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं. ब्रिटनमध्ये कार्डिफ शहरात २००३ मध्ये ही पद्धत सुरू झाली. ठरावीक दिवशी पोलीस, दवाखाना, शाळा, घरकुल खातं, स्वयंसेवी संस्था एकत्र बसतात आणि फक्त सगळ्यात जास्त धोक्यातल्या बायकांच्या प्रकरणांवर बोलतात. पोलिसांना माहीत असतं की त्या घरातून दोनदा फोन आला. शाळेला माहीत असतं की पोरगं वर्गात दचकतं. दवाखान्याला माहीत असतं की ती गरोदर आहे. तिघांचं वेगवेगळं ऐकलं तर पाणी २० फुटांवर वाटतं, एकत्र ऐकलं की कळतं ते ४२ वर आहे.

कोल्हापूर महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. प्रत्येक विभागात अशी एक मासिक बैठक बसवायला वेगळी इमारत लागत नाही. लागते ती गुप्तता. आपल्या पेठा घट्ट आहेत, सकाळची गोष्ट दुपारपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर पोहोचते. त्यामुळे या बैठकीत नगरसेवक, कार्यकर्ते नकोत. काम करणारे कर्मचारीच हवेत, आणि नाव बाहेर फुटलं तर कारवाई हवी.

नगरसेवकांबद्दल इथेच एक स्पष्ट बोलतो. नवरा-बायकोचं भांडण घेऊन लोक आपल्याकडे आधी नगरसेवकाकडे किंवा मंडळाच्या अध्यक्षाकडे जातात. तो दोघांना समोर बसवतो, नवऱ्याला चार शब्द सुनावतो, ‘आता मिटवा’ म्हणतो. बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो. पण जिथे गळा दाबला गेला आहे, तिथे मिटवामिटवी म्हणजे बाईला पुन्हा त्याच घरात पाठवणं. समोरासमोर बसवल्यावर ती खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत रात्री मोजते. निवडून आलेल्या प्रत्येकाला निदान हे प्रशिक्षण मिळावं: इशारा पातळी कशी ओळखायची आणि कुठल्या प्रकरणात आपण मध्ये न पडता संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचं.

## घरफाळ्याच्या पावतीवर कुणाचं नाव?

प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल या अभ्यासकांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या विवाहित बायकांचा अभ्यास केला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर घर किंवा जमीन काहीच नव्हतं, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावावर दोन्ही होतं, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होतं. शिक्षण, नवऱ्याची दारू, उत्पन्न या सगळ्या गोष्टी हिशोबात धरूनही फरक टिकला. कारण सरळ आहे. जिच्या नावावर घर आहे ती ‘चालायला लाग’ म्हणू शकते, आणि तिने म्हणायच्या आधीच समोरच्याला ते माहीत असतं.

महापालिकेच्या कपाटात या शहरातल्या प्रत्येक घराचं नाव आहे. घरफाळ्याच्या बिलावर बायकोचं नाव सहकब्जेदार म्हणून लावणं सोपं करता येतं: विभागीय कार्यालयात ठरावीक दिवशी शिबिर, एकच अर्ज, शुल्क माफ. दिल्ली महापालिका महिलेच्या नावावरच्या ठरावीक क्षेत्रफळापर्यंतच्या घराला मालमत्ता करात ३० टक्के सूट देते. आपल्या राज्यात महिलेच्या नावे घर खरेदी केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहेच.

घरफाळ्याची नोंद म्हणजे मालकी हक्क नव्हे, मालकीसाठी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड लागतं. पण ही बाई या घरात राहते याचा तो सरकारी कागद आहे, आणि ‘ती इथं राहतच नव्हती’ हा बचाव त्या कागदापुढे लंगडा पडतो. शिवाय २००५ चा कायदा म्हणतो की सासरच्या घरात राहायचा तिचा हक्क मालकीवर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेही स्पष्ट केलं की ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती तिथे राहण्याचा हक्क मागू शकते.

## दिवा आहे, उजेड नाही

घराबाहेरच्या भीतीचं बोलू. याच्यासाठी सुरक्षा पाहणी नावाची पद्धत आहे. कॅनडातल्या टोरांटोमध्ये १९८९ मध्ये ती सुरू झाली, दिल्लीत ‘जागोरी’ या संस्थेने रुजवली. पाच-सहा बायका संध्याकाळी एका रस्त्याने चालत जातात आणि लिहून काढतात: उजेड किती, चालायला जागा आहे का, कोण दिसतं, किती बायका दिसतात, हाक मारली तर ऐकू जाईल का, बस कुठे मिळेल, इथे कसं वाटतं.

कागदावर ‘या रस्त्यावर २० दिवे आहेत’ असं असतं. चालून पाहिलं की कळतं, खांब उंच आहे, दिवा झाडाच्या पसाऱ्याच्या वर आहे, त्यामुळे उजेड पानांवर पडतो आणि खालचा फूटपाथ मिट्ट काळोखात. दिव्याचं तोंड गाड्यांच्या रस्त्याकडे, चालणाऱ्या बाईकडे पाठ. बसथांब्यावर मागच्या बाजूला जाहिरातीचा पत्रा, त्यामुळे थांब्यात बसलेली मुलगी रस्त्यावरून दिसत नाही. ही दुरुस्ती म्हणजे दोन फांद्या, एक वाकवलेला दिवा आणि काढलेला पत्रा. उद्यान खातं, विद्युत खातं आणि के.एम.टी. या तिघांना एकाच दिवशी एकाच जागी उभं करणं हीच काय ती अडचण.

फेरीवाल्यांचाही विचार इथेच करायला हवा. रात्री नऊला कणसाची, वडापावची, गजऱ्याची गाडी जिथे उभी असते तिथून बाई निर्धास्त चालते. अतिक्रमणविरोधी कारवाईत त्या गाड्या गेल्या की रस्ता मोकळा होतो आणि ओसाडही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असतात. गाड्या कुठे ठेवायच्या हे ठरवताना बायकांची संध्याकाळची वाट हा निकष धरता येईल.

आणि के.एम.टी. स्वतःची बससेवा असलेल्या महापालिका थोड्या आहेत, आपण त्यात आहोत. टोरांटोत १९९१ पासून रात्री एकट्या बाईला दोन थांब्यांच्या मध्ये, तिच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवून मिळतं. याला निविदा नको, निधी नको. परिपत्रक काढायचं, ड्रायव्हर-कंडक्टरना सांगायचं आणि बसमध्ये पाटी लावायची.

भाजी विकायला पहाटे मंडईत येणारी मावशी दुपारपर्यंत पाणी पीत नाही, कारण लघवीला जायला बरी जागा नाही. याला हिंसाचार म्हणायचं का, असं कुणी विचारेल. ज्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिला जावं लागतं, तिथेच तिच्यावर हात टाकला जातो. एवढं उत्तर पुरे.

## दुकानातली मुलगी आणि धुणीभांडी करणारी मावशी

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते, हे २०१३ च्या कायद्याने आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानात चार मुली असतात. उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये हिशोब लिहिणारी एकटीच असते. घरकाम करणाऱ्या मावशीचा मालक म्हणजे एक घर. या सगळ्यांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते. शहरात प्रभागासाठी किंवा पालिकेसाठी एक समन्वय अधिकारी नेमायचा असतो, तो तक्रार घेऊन सात दिवसांत त्या समितीकडे पाठवतो. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते.

त्या अधिकाऱ्याचं नाव किती मुलींना माहीत आहे? महापालिका दुकानांना व्यवसाय परवाने देते, दरवर्षी नूतनीकरण करते. परवान्यासोबत समितीचा पत्ता असलेली एक पाटी द्यावी आणि ती दर्शनी भागात लावायची अट घालावी.

## पोरांशी कोण बोलणार?

मुलींना कराटे शिकवण्याला माझा विरोध नाही. पण महिला व बालकल्याणाचे पैसे निव्वळ आत्मसंरक्षणाच्या शिबिरांवर गेले, तर आपण मुलीला सांगतो की मार चुकवणं ही तुझी जबाबदारी. मारणाऱ्या हातांशी कुणीतरी बोलायला हवं.

मुंबईत ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम झाला. त्यात शाळांच्या आणि वस्त्यांमधल्या क्रिकेट प्रशिक्षकांना तयार केलं. सरावाआधी पोरांशी थोडा वेळ बोलायचं: मुलीचा पाठलाग म्हणजे प्रेम नव्हे, मित्र शिट्टी मारत असेल तर काय करायचं, राग आला की काय. पोरं बापाचं ऐकत नाहीत, मास्तरचं ऐकत नाहीत, प्रशिक्षकाचं ऐकतात.

कोल्हापुरात याहून सुपीक जमीन कुठे मिळणार? इथे तालमी आहेत, वस्ताद आहेत, पेठापेठांचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामन्याला लोटणारी तरुण पोरं आहेत. वस्तादाचा शब्द पेठेत चालतो. महापालिका मंडपाला परवानगी देते, शाळा चालवते. या नात्याचा उपयोग तिने करून घ्यावा.

शाळांमध्ये मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे पाहणारी सखी सावित्री समिती असायला हवी. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर तिची पुन्हा आठवण झाली. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत ती बसते का, तिच्यात पालक कोण, हे सभागृहात विचारता येतं.

## ‘घरची भानगड, महापालिकेचा काय संबंध?’

हा आक्षेप कोल्हापुरात घेणं अवघड आहे. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच बायकांना घरात मिळणाऱ्या क्रूर वागणुकीविरुद्ध कायदा केला. देशात तसा वेगळा कायदा यायला २००५ साल उजाडलं. घराच्या उंबऱ्याच्या आत राज्याने बघावं की नाही, हा वाद या गावात शंभर वर्षांपूर्वी निकालात निघाला.

‘हे पोलिसांचं काम’ म्हणणाऱ्यांना संविधान दाखवता येतं. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांत रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, सार्वजनिक सोयी यांच्यासोबत दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण हेही लिहिलं आहे. इंग्लंडमध्ये तर २०२१ च्या कायद्याने घरातून पळालेल्या बायकामुलांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय पाहणं हे स्थानिक कौन्सिलचं बंधनकारक काम केलं आहे.

खोट्या तक्रारींची भीती बऱ्याच पुरुषांना वाटते, आणि ती उडवून लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सासरच्या छळाच्या गुन्ह्यांत आपोआप अटक करू नका असं पोलिसांना बजावलं आहे. पण वर सांगितलेल्या उपायांत कुणावर आरोप आहे? वाकवलेला दिवा कुणाला तुरुंगात टाकत नाही. घरफाळ्यावर लागलेलं बायकोचं नाव चांगल्या नवऱ्याचं काहीच बिघडवत नाही. उलट गोष्ट वेळेत कळली तर बरीच प्रकरणं गुन्हा दाखल होण्याच्या आधीच थांबतात.

## पैसा कुठून?

महापालिकांनी अंदाजपत्रकातला पाच टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा, असं शासनाचं धोरण आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाच्या दहा टक्के. हा पैसा शिलाई मशीन वाटप आणि मेळाव्यांत संपवायचा, की रुग्णालयात दोन समुपदेशक आणि बारा महिने चालणारी एक खोली यांवर लावायचा, हे महिला व बालकल्याण समिती ठरवते. शिलाई मशीनने एखादीचा संसार उभा राहतो हे खरं आहे. पण समुपदेशकाचा पगार दरवर्षी लागतो, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून तो मागे पडतो. त्यासाठीच तो नावाने मागायला हवा.

## गावाकडे काय करता येतं?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाला शिक्षेचं बळ नव्हतं, म्हणून काहींनी त्याला नुसता कागद म्हटलं. मला तसं वाटत नाही. नवरा गेल्याच्या दिवशी अंगणात जमलेल्या बायकांपैकी एकीला जरी ‘नको, गावानं ठरवलंय’ म्हणायचा आधार मिळाला, तरी तो कागद कामाला आला. त्या क्षणी तिच्या मदतीला कुठलाही पोलीस येणार नव्हता.

ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला मदत करते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची शाळा सुटली हीच गावातली इशारा पातळी. ती अंगणवाडी ताईला आधी कळते. दारूचं दुकान बंद करायचं तर २५ टक्के महिला मतदारांच्या मागणीवर गुप्त मतदान होतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे ‘बंद करा’च्या चिन्हाला, मत दिलं की दुकान बंद. नियम कठीण आहे, मतदानाला न आलेली बाई उभ्या बाटलीच्या, म्हणजे दुकान चालू ठेवण्याच्या, बाजूला मोजल्यासारखीच होते. तरी गावोगावच्या बायकांनी ही मतदानं जिंकली आहेत.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी तिच्या सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. ती खरोखर भरवा, एवढी मागणी कुठलीही बाई लेखी करू शकते.

## आपल्या प्रभागात विचारायचे प्रश्न

महापालिकेचं अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होतं, त्याच्या आधी नगरसेवकाला भेटा. एकटीने जायला नको, चार जणी मिळून जा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. विचारायचं ते एवढंच: महिला व बालकल्याणाच्या निधीतले किती पैसे गेल्या वर्षी कशावर खर्च झाले? आपल्या आरोग्य केंद्रात समुपदेशक कधी बसणार? प्रभागाची सुरक्षा पाहणी कोणत्या तारखेला, आणि तिच्यात कोण चालणार? आपल्या भागाच्या समन्वय अधिकाऱ्याचं नाव काय?

आणि आज रात्रीच मदत हवी असेल तर अंदाजपत्रकाची वाट पाहू नका. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८. तिन्ही नंबर मोफत आहेत आणि चोवीस तास चालतात. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, पोलीस, वकील आणि तात्पुरता निवारा यांची सोय एकाच जागी असते. नंबर मोबाईलमध्ये वेगळ्या नावाने ठेवा, ‘गॅस एजन्सी’ किंवा ‘पार्लर’ अशा.